लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सस्पेन्शनचे पार्ट) लावली म्हणून सगळी वॉरंटी जात नाही

वर कोणीतरी लिहिलंय की ट्रकला बाहेरचं काहीही लावलं की वॉरंटी गेलीच, तर तसं नसतं हो. कंपनीला सरसकट हात वर करता येत नाहीत, बिघाडाचा आणि मॉडिफिकेशनचा संबंध लागतो का हा खरा मुद्दा. अमेरिकेत तर १९७५ पासून मॅग्नसन-मॉस नावाचा कायदाच आहे, बाहेरचा पार्ट लावला एवढ्याच कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. म्हणजे सस्पेन्शन उचललंय आणि एसीचा कॉम्प्रेसर गेला तर क्लेम मिळायला हवा, पण तीच लिफ्ट असताना सीव्ही जॉइंटचं (अ‍ॅक्सलवरून चाक फिरवणाऱ्या सांध्याचं) रबरी बूट फाटून ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालंय, तर मग भांडून फारसा उपयोग नाही, अ‍ॅक्सलचा कोन वाढला की ते बूट लवकर जाणारच.

ट्यूनचं, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचं, प्रकरण मात्र वेगळं. टॉर्क वाढवला की इंजिन, टर्बो, गिअरबॉक्स, सगळीकडेच संशयाला जागा मिळते. आणि सर्व्हिसला न्यायच्या आधी स्टॉक फाइल (कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर) परत टाकली की काही कळत नाही म्हणणाऱ्यांनो, बऱ्याच ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) फ्लॅश केल्याची, म्हणजे सॉफ्टवेअर बदलल्याची, नोंद राहते, बॅटरी काढून ती पुसली जात नाही. डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढायचं तर नावच नको, तिथे वॉरंटीच्या आधी प्रदूषणाचा कायदा आडवा येतो.

लाइट बारसाठी (जादा दिव्यांच्या पट्टीसाठी) मूळ वायर सोलून जोड मारू नका, रिले-फ्यूजसकट वेगळं हार्नेस (वायरिंगचा तयार संच) घ्या. आणि सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर 'चालतंय की' म्हणाला तर तेच ईमेलवर लिहून मागा, बघा मग कसा गप्प बसतो ते.