ऑपरेटिंग सिस्टिमचा पहिला विषय: वहीतली गणितं की कर्नलचा कोड?

पानगळ (धागाकर्ता)
आपल्याकडे इंजिनिअरिंगला हा विषय अजूनही गँट चार्टवरच (कोणतं काम कधी चाललं ते दाखवणारा पट्ट्यांचा तक्ता) चालतो. चार प्रोसेस (चालू प्रोग्रॅम), बर्स्ट टाइम (प्रत्येकीला प्रोसेसरवर लागणारा वेळ) दिलेला, राउंड रॉबिनने (पाळीपाळीने ठरावीक वेळ देत) सरासरी वेटिंग टाइम काढा. मग बँकर्स अल्गोरिदमचा (प्रोसेस एकमेकींत अडकू नयेत म्हणून आधी हिशोब करून रिसोर्स द्यायची पद्धत) तक्ता भरा. पेपर सुटतो. पण खऱ्या मशीनवर बर्स्ट टाइम आधी कोण सांगतं? पुढे कमाल किती रिसोर्स लागतील हेही प्रोसेसला ठाऊक नसतं, म्हणून तर लिनक्स बँकर्सच्या वाटेला जात नाही. माझं मत: पहिल्याच सेमिस्टरला मुलांच्या हातात एक्सव्ही६ द्या. १९७५ च्या युनिक्स सहाव्या आवृत्तीवर बेतलेलं हे छोटं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एमआयटीने २००६ मध्ये शिकवण्यासाठीच लिहिलं. फुकट आहे, क्यूएमूमध्ये (संगणकाची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि त्याचा शेड्युलर (पुढे कोणती प्रोसेस चालवायची ते ठरवणारा भाग) एका बैठकीत वाचून होतो.

चिंचेची_सावली
साफ असहमत. मी तालुक्याच्या गावी हाच विषय शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांची पॉइंटरशी (मेमरीतला पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) ओळख जेमतेम. त्यांच्यापुढे पेज टेबलचा (प्रोसेसच्या मेमरीचे तुकडे, म्हणजे पेज, खऱ्या मेमरीत कुठे आहेत याची नोंद) कोड टाकला तर निम्मी मुलं पहिल्या आठवड्यातच हात टेकतील. आणि वहीतल्या गणितांना इतकं कमी लेखू नका. १ २ ३ ४ १ २ ५ १ २ ३ ४ ५ ही पेजची माळ मी फिफोने (जागा भरली की सर्वांत आधी आलेलं पेज बाहेर) सोडवायला देते. तीन फ्रेम (मेमरीतल्या पेजच्या जागा) असताना ९ फॉल्ट (हवं ते पेज मेमरीत नसणं), चार दिल्या की १०. मेमरी वाढवली तर फॉल्टही वाढले! मुलं आधी स्वतःचं उत्तर खोडतात, शेजारच्याच्या वहीत डोकावतात, मग पुन्हा पहिल्यापासून मांडतात. बेलाडीची विसंगती अशी अंगात भिनते. तुमच्या एक्सव्ही६ मध्ये तर पेज रिप्लेसमेंट मुळात नाहीच.

पानगळ
हा मुद्दा मान्य, ते गणित राहू दे. पण लॉकचं (सामायिक डेटा एका वेळी एकालाच वापरू देणारी कडी) काय? सेमाफोरची (असंच एक साधन) व्याख्या तोंडपाठ असलेला मुलगा कोड लिहायला बसला की हातातलं लॉक न सोडता तेच पुन्हा मागतो. एक्सव्ही६ जागच्या जागी थांबतं आणि पडद्यावर येतं ‘पॅनिक: अक्वायर’. मग कुठल्या फंक्शनने ते आधीच धरलंय हे शोधत तो एकेक कॉल मागे जातो. माझ्या लेखी हाच खरा अभ्यास.

लोहमार्ग
मी एम्बेडेडमध्ये (यंत्रांत बसवलेल्या संगणकांच्या कामात) आहे, मॅडमच्या बाजूने एक दाखला देतो. १९९७ मध्ये मंगळावर नासाचं पाथफाइंडर यान पुन्हा पुन्हा रीसेट व्हायला लागलं. हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या कमी प्राधान्याच्या टास्कने म्युटेक्स (एक प्रकारचं लॉक) धरलेला, डेटा बस सांभाळणारं वरचं टास्क त्यासाठी खोळंबलेलं, आणि मधल्या प्राधान्याची कामं खालच्याला पुढे सरकू देईनात. उपाय होता प्रायॉरिटी इनहेरिटन्स (लॉक धरणाऱ्या टास्कला तेवढ्यापुरतं वाट पाहणाऱ्याचं प्राधान्य देणं). त्याची रीतसर मांडणी १९९० च्या शोधनिबंधात झालेली होती. सिद्धांत आधी तयार होता म्हणून निभावलं.

पानगळ
आणि दोष सापडला कसा? पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेवर ट्रेस चालू ठेवून तोच रीसेट घडवून आणला तेव्हा. निबंध वाचलेला असून भागलं नाही.

चिंचेची_सावली
ते इंजिनिअर मुरलेले होते हो, माझी मुलं पहिल्या पायरीवर आहेत. मीही मशीनला हात लावू देते, पण कर्नलला नाही. लिनक्सवर फोर्क करा (प्रोसेसची प्रत काढा), चाइल्डला (त्या प्रतीला) लगेच एक्झिट होऊ द्या, पेरेंटला (मूळ प्रोसेसला) वेट न करता (चाइल्ड संपल्याची दखल न घेता) झोपवा. दुसऱ्या टर्मिनलमध्ये पीएस (प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) मारलं की स्टेटच्या रकान्यात झेड आणि नावापुढे डिफंक्ट. दहा-बारा ओळींत झॉम्बी (संपूनही यादीत उरलेली प्रोसेस) डोळ्यांसमोर. एक्सव्ही६ पुढे इलेक्टिव्हला ठेवा.

पानगळ
इलेक्टिव्हला मोजकीच मुलं येतील, बाकीची कर्नल न बघताच पदवी घेतील. तुमचा झॉम्बीचा प्रयोग मला आवडला, पण मेलेल्या प्रोसेसची टेबलातली जागा अडून का राहते, हे पीएस सांगत नाही. एक्सव्ही६ मधलं वेट फंक्शन जेमतेम पानभराचं आहे. त्याच तासाला ते एक पान फळ्यावर घ्या, पॉइंटर अडला तर तिथेच समजवा.