तुर्कस्तानचा लिशिया किनारा : ओलुदेनिझ सोडून द्यावं का?

किनारवेडा
फेथियेपासून अंताल्यापर्यंतचा डोंगराळ किनारा म्हणजे जुना लिशिया. यंदा दुसऱ्यांदा जाऊन आलो आणि मत पक्कं झालं : हाताशी चारच दिवस असतील तर फेथियेजवळचा ओलुदेनिझ किनारा सोडा. फोटोतलं निळं पाणी खरंच तितकंच निळं आहे, पण काठावर खुर्च्यांच्या रांगा आणि मागे हॉटेलंच हॉटेलं.

त्यापेक्षा पातारा. मैलोन् मैल वाळू आणि त्यावर एकही इमारत नाही, कारण मागे प्राचीन शहराचे अवशेष आहेत आणि वाळूत समुद्री कासवं अंडी घालतात. राहायचं आत, गेलेमिश गावात. रस्ता अवशेषांमधूनच जातो. लिशियातल्या नगरांचे प्रतिनिधी जिथे जमत ते सभागृहही वाटेत दिसतं.

दुसरा इझतुझु, फेथियेच्या पश्चिमेला. दालयानहून बोटीने, बोरूच्या बनातून, कड्यात कोरलेल्या थडग्यांखालून जायचं. साडेचार किलोमीटरची वाळूची पट्टी, एका बाजूला नदीचं पाणी, दुसऱ्या बाजूला समुद्र. १९८०च्या दशकात इथे मोठं हॉटेल होणार होतं. जून हेमॉफ या इंग्रज बाईंनी आणि त्यांच्या साथीदारांनी ते थांबवलं. आजही हंगामात रात्री आठ ते सकाळी आठ किनारा माणसांना बंद असतो. किनारा राखायचा तर असा राखावा.

सांगलीची_सून
असहमत. तुम्ही एकटे फिरता, म्हणून असं लिहू शकता. आम्ही जुलैमध्ये सासूबाईंना घेऊन गेलो होतो. पाताराला सावलीला एक झाड नाही. दुपारनंतर वारा सुटला की वाळू अंगाला टोचते. लाकडी फळ्यांची वाट संपली की तापलेल्या वाळूतून चालायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाने काय करायचं?

ओलुदेनिझच्या आतल्या लगूनमध्ये, म्हणजे वाळूच्या पट्टीआडच्या पाण्यात, लाट नसते. सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात मानेपर्यंत उतरल्या, अर्धा तास बाहेर यायला तयार नव्हत्या. बाबादाग डोंगरावरून उडालेली पॅराग्लायडर डोक्यावर तरंगत होती, ती बघून त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. ही जागा "सोडा" म्हणणं मला पटत नाही.

किनारवेडा
सासूबाईंचं वाचून फार बरं वाटलं. पण मग फासेलिस का नको? केमेरजवळ आहे. तीन छोटी बंदरं, पाण्यापर्यंत आलेले पाइन वृक्ष, भरपूर सावली, मधल्या बंदरात पाणी शांत. पोहून झालं की रोमन काळातल्या फरसबंद रस्त्यावर बसून डबा खाता येतो. आणि जुलै कशाला? मेअखेर किंवा सप्टेंबरअखेर जा.

सांगलीची_सून
मुलांच्या शाळा आणि नवऱ्याची रजा जुळेल तेव्हाच जाता येतं हो. फासेलिस मात्र लिहून ठेवलं.

वाळूघर
माझा आक्षेप वेगळा आहे. किनारवेडा, कासवांचं नाव घेऊन तुम्ही लोकांना कासवांच्याच किनाऱ्यावर पाठवताय, तेही बोटीने. इझतुझुलाच जखमी कासवांचं उपचार केंद्र आहे. तिथल्या कितीतरी कासवांच्या पाठीवर बोटीच्या पंख्याचे घाव असतात. ते बघून आल्यापासून मला बोटीची मजा सांगवत नाही. दालयानहून किनाऱ्यापर्यंत मिनीबस जाते, तिला डोलमुश म्हणतात. तिने जा.

आणि छत्री वाटेल तिथे रोवू नका. घरटी ओल्या वाळूच्या वर, कोरड्या पट्ट्यात असतात; दांडा थेट अंड्यांत जातो.

सांगलीची_सून
मग कोणी जायचंच नाही का तिथे?

वाळूघर
जायचं. मी कोकणात वेळासला कासव महोत्सवाला जाते. पाहुणे गावातच राहतात, जेवतात, म्हणून गावाला कासवं राखणं परवडतं. पण तिथे कधी बघायचं, कुठे उभं राहायचं हे गाव ठरवतं आणि पाहुणे ऐकतात. तसंच याच लिशिया किनाऱ्यावरच्या चिराली गावात घरगुती खोल्यांत उतरलात तर पैसा गावात राहील. तो किनारा गोट्यांचा आहे, चपला न्या. संध्याकाळी यानारताशला डोंगरातून निघणाऱ्या ज्वाळा बघायला चढा. जमिनीतून येणारा वायू तिथे शतकानुशतकं जळतोय. परतताना किनाऱ्यावर टॉर्च नको. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्र चुकतात.

किनारवेडा
बोटीचं माझं चुकलं. दोन्ही वेळा बोटीनेच गेलो, पंख्याचा विचार मनात आला नाही. वर लिहिलेलं मागे घेतो, मिनीबसने जा. ओलुदेनिझबद्दलचं मत मात्र कायम आहे.

सांगलीची_सून
माझंही. कालकान-काशच्या मधल्या कापुताशबद्दल कोणी सांगेल का? रस्त्यावरून खाली जवळजवळ दोनशे पायऱ्या आहेत म्हणतात. उतरणं जमेल, चढून येताना मध्ये टेकायला जागा आहे का?