शाळेतलं 'शूटिंग', एकट्याचा 'कट' आणि चार अक्षरी 'माथेफिरू'

अनुवादिनी :
नमस्कार मंडळी. एक अमेरिकन लेख मराठीत आणतेय आणि पहिल्याच ओळीत अडकलेय. 'स्कूल शूटिंग'ला काय म्हणायचं? परवा वाईच्या मावशीला फोनवर म्हटलं, "शाळेतल्या शूटिंगवर लेख करतेय." तर ती म्हणाली, "आमच्याकडेही चाललंय, घाटावर. सकाळपासून रस्ता अडवलाय मेल्यांनी. तुझं कुठल्या सिरियलचं?" तिचं काय चुकलं? मराठीत शूटिंग म्हणजे कॅमेरा, जनरेटरची गाडी आणि बघ्यांची गर्दी.

लेख व्हरमाँट राज्यातल्या फेअर हेवन या लहानशा गावाबद्दल आहे. फेब्रुवारी २०१८. अठरा वर्षांचा मुलगा. आपल्या जुन्या शाळेत जाऊन माणसं मारायची असं ठरवून त्याने वही लिहिली, कायदेशीररीत्या शॉटगन घेतली आणि न्यू यॉर्क राज्यातल्या ओळखीच्या एका मुलीला मेसेजमधून हे सांगितलं. तिने ते मोठ्यांच्या कानावर घातलं. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी याला अटक केली. फेअर हेवनमध्ये कुणाला खरचटलंही नाही.

माझे प्रश्न असे : शूटिंगला 'गोळीबार' पुरतो का? 'फॉइल्ड प्लॉट' म्हणजे 'उधळलेला कट', पण इथे 'कट' का खटकतोय? आणि हल्ल्याआधी हल्लेखोर कुणाजवळ तरी बोलतो, त्याला तिकडचे तज्ज्ञ 'लीकेज' म्हणतात, त्याचं काय करू? मशीनला विचारून पाहिलं. 'ॲक्टिव्ह शूटर'चं त्याने 'सक्रिय नेमबाज' केलं. नेमबाज म्हणजे आपला राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसळे, पॅरिसहून कांस्यपदक आणणारा! हात जोडले आणि इथे आले.

जुना उपसंपादक :
'गोळीबार' चालेल, पण कर्ता लिहा. जुन्या मथळ्यांत नुसता 'गोळीबार' म्हटला की तो पोलिसांचाच असे. फ्लोरा फाउंटनचा असो की २०११चा मावळातला, 'गोळीबारात तीन शेतकरी ठार' एवढं पुरायचं, कुणाचा हे वाचकाला माहीत असायचं. म्हणून शाळेच्या बाबतीत 'बंदूकधाऱ्याचा शाळेत गोळीबार' असं लिहावं.

'बेछूट' मात्र गाळा. आणि 'माथेफिरू' तर गाळाच. हे मी पापक्षालन म्हणून सांगतोय. रात्रपाळीला एजन्सीची बातमी यायची, तीत एवढंच असायचं : एक बंदूकधारी, इतके मृत. त्याचं नाव-गाव कळायच्या आत आम्ही 'माथेफिरू' लावून मोकळे. का? चार अक्षरं, एका कॉलमात बसतात. दुसरं कारण नाही.

१६ एप्रिल २००७. अमेरिकेतलं व्हर्जिनिया टेक विद्यापीठ. ३२ जण गेले. मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगी त्यात होती, त्यामुळे आमच्याकडे पहिलं पान त्याचंच. मथळ्यात मी 'माथेफिरूचा बेछूट गोळीबार' लिहिलं आणि घरी जाऊन झोपलो. दोन दिवसांनी कळलं की त्या सकाळी आधी दोघांना मारून हा गडी पोस्टात गेला, स्वतःचे फोटो आणि चित्रफिती भरलेलं पाकीट एनबीसी वाहिनीला पाठवलं आणि मग परत येऊन बाकीच्या ३० जणांना मारलं. दोन हल्ल्यांच्या मध्ये टपाल टाकायला जाणारा माणूस. याला माथं फिरणं म्हणायचं? 'बेछूट' म्हणायचं? त्या पाकिटातला, दोन्ही हातांत पिस्तुलं घेतलेला फोटो आम्हीही छापला. चांगला मोठा. त्याला जे हवं होतं ते आम्ही फुकटात पोहोचवलं.

ऱ्हस्वदीर्घ :
'माथेफिरू'तला रू दीर्घ लिहिलात, बरं वाटलं. 'कट'बद्दल : मराठीत तो रचतात आणि तो शिजतोही. घाट घालतात, बेत आखतात, डाव टाकतात. यातलं 'शिजणं' मला सगळ्यात नेमकं वाटतं. माथं क्षणात फिरतं, शिजायला वेळ लागतो.
(मिसळीच्या कटाचा याच्याशी संबंध नाही. कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगितलं.)

आणि 'फसला' व 'उधळला' यांत घोळ करू नका. फसतो तो आपोआप, उधळतो तो दुसरा कुणीतरी. अमेरिकेतल्या कोलंबाइनच्या शाळेत, २० एप्रिल १९९९ रोजी, तिथल्याच दोन विद्यार्थ्यांनी खाणावळीत गॅसच्या टाक्यांचे बॉम्ब ठेवले होते. ते फुटलेच नाहीत. म्हणजे मूळ बेत बॉम्बस्फोटाचा, तो फसला, आणि तरीही १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक त्या दिवशी गोळ्यांनी मेले. सगळं जग मात्र त्याला 'शूटिंग' म्हणूनच ओळखतं.

कृष्णाकाठ :
ताई, 'कट' का खटकतोय ते मी सांगतो. कोर्टात तीस वर्षं गेली. आपल्या कायद्यात फौजदारीपात्र कटाला किमान दोन माणसं लागतात. पूर्वी दंड संहितेचं कलम १२० अ-ब, आता न्याय संहितेत ६१. एकटा माणूस कितीही भयंकर ठरवो, स्वतःशी कट होत नाही. कोलंबाइनला दोघे होते, तो कट. तुमच्या फेअर हेवनच्या पोराचा 'बेत' किंवा 'तयारी'.

आणि 'तयारी' हा शब्द जपून वापरा, कारण तो खटला याच एका शब्दावर फिरला. सरकारी पक्षाने खुनाच्या प्रयत्नाची कलमं लावली होती. एप्रिल २०१८मध्ये व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, ही तयारी झाली, प्रयत्न नव्हे. आधार कुठला घेतला माहितीये? १९०६चा, त्यांच्याच राज्यातला निकाल. तुरुंगातल्या एका कैद्याला बाहेरून लोखंड कापायच्या करवतीची पाती मिळाली. पाती हातात, गज समोर. पण गजावर पातं अजून टेकवलेलं नव्हतं. तेव्हा कोर्ट म्हणालं, पळायचा प्रयत्न सुरूच झालेला नाही. शंभराहून जास्त वर्षांनी तीच पाती या मुलाच्या उपयोगी पडली. प्रयत्नाचे आरोप मागे घ्यावे लागले. गावातल्या आईबापांना काय वाटलं असेल, कल्पना करा. मग विधिमंडळाने घाईघाईने 'देशांतर्गत दहशतवादा'चा नवा गुन्हाच कायद्यात घातला, ज्यात तयारीचं ठोस पाऊलही पकडता येतं.

आपल्याकडेही ही रेघ हलती आहे. वसईजवळ खाडीकाठी ट्रकमधून चांदी उतरवताना काहीजण पकडले गेले होते, तेवढ्यात खाडीत यांत्रिक बोटीचा आवाज आला. चांदी बोटीत चढलेली नव्हती. अपिलात सत्र न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने 'नुसती तयारी' म्हणून सोडलं. १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'हा तस्करीचा प्रयत्नच' म्हणून फिरवलं. व्हरमाँटच्या न्यायाधीशांपुढे ती चांदी असती तर काय झालं असतं, हा माझा आवडता रिकामटेकडा विचार आहे.

तेव्हा भाषांतरात 'हल्ल्याचा प्रयत्न हाणून पाडला' असं अजिबात लिहू नका. त्या निकालाचं सगळं सारच त्यात बुडेल.

अनुवादिनी :
काका, सोन्यासारखी माहिती! मी तिसऱ्या परिच्छेदात नेमकं 'प्रयत्न हाणून पाडला' हेच लिहून ठेवलं होतं. खोडलं.

टेक्सासची सून :
मी सॅन अँटोनियोला राहते. युवाल्डी इथून गाडीने दीड तास. २४ मे २०२२ रोजी तिथल्या प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. शब्दांनी काय होतं असं कुणी म्हणालं की मला ती ७७ मिनिटं आठवतात. पोलिसांच्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत. 'ॲक्टिव्ह शूटर' म्हटलं की थांबायचं नाही, थेट आत घुसायचं. कोलंबाइनला पोलीस बाहेर थांबून राहिले होते, त्यानंतर ठरलेला हा नियम. दुसरा शब्द 'बॅरिकेडेड सब्जेक्ट', म्हणजे दार लावून आत बसलेला इसम. तिथे घाई नसते, बोलणी करायची, कुमक मागवायची. युवाल्डीत आत मुलं असताना, आतून मुलं फोन करत असताना, पोलीस प्रमुखाने हल्लेखोराला दुसऱ्या शब्दात बसवलं. ३७६ पोलीस जमले होते, तरी त्याला गाठायला ७७ मिनिटं गेली.

म्हणून माझी विनंती, 'ॲक्टिव्ह शूटर'ला 'बंदूकधारी' करून टाकू नका. 'हल्ला चालू असलेला बंदूकधारी' असं लांबलचक झालं तरी चालेल. 'चालू' हाच त्यातला जीव आहे.

अजून एक. 'लॉकडाऊन'. भारतात हा शब्द आला की सगळ्यांना २०२० आठवतं, डालगोना कॉफी आणि थाळ्या. माझी लेक दुसरीत आहे. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आज शाळेत काय शिकवलं गं?" ती म्हणाली, "आजी, आज लॉकडाऊन होता." त्या घाबरल्या, "परत करोना आला का?" लेकीने समजावलं, "नाही गं. दिवा बंद करायचा, भिंतीला टेकून बसायचं आणि मिस म्हणेपर्यंत गप्प राहायचं. मी जिंकले, मी सगळ्यात जास्त गप्प होते." सासूबाई हसल्या. त्यांना तो खेळ वाटला. मी काही बोलले नाही.

ऱ्हस्वदीर्घ :
... यावर मला दुरुस्ती नाही.

अनुवादिनी :
ताई, लेखात दोनदा 'लॉकडाऊन ड्रिल' आहे. 'दडून बसण्याचा सराव' करतेय. चालेल ना?

टेक्सासची सून :
चालेल. 'कवायत' नको, तिथे मुलं रांगेत हातपाय हलवताना दिसतात.

जुना उपसंपादक :
'लीकेज'कडे वळू. 'गळती' म्हणाल तर नळ डोळ्यांपुढे येतो. 'फुटणं' हे पेपरांना आणि आमदारांना लागतं. 'वाच्यता' घ्या. 'त्याने आधीच वाच्यता केली होती.' आणि ऐकणाऱ्याच्या बाजूने 'कुणकुण'. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २००२मध्ये शाळांवरच्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास मांडला होता. ८१ टक्के घटनांत निदान एका माणसाला आधी कुणकुण होती, आणि ते बहुतेक वेळा दुसरं पोरच होतं. २०२१मध्ये त्यांनीच होऊ न शकलेल्या ६७ बेतांचाही अभ्यास केला. झालेल्याची बातमी आठ कॉलम, न झालेल्याची आतल्या पानावर तळाला. हे आमच्या धंद्याचं जुनं दुखणं आहे.

कृष्णाकाठ :
आणि ज्या मुलीने मोठ्यांच्या कानावर घातलं तिला काय म्हणणार? विचार करून बघा. चुगलखोर, चहाडखोर, फितूर, खबऱ्या. मराठीत दुसऱ्याचं गुपित सांगणाऱ्याला एकही धड शब्द नाही. शाळेत असताना गुरुजींना नाव सांगणाऱ्याला मधल्या सुट्टीत आम्हीच धपाटे घालायचो. शाळा वाचवणाऱ्या पोरीला द्यायला आपल्याकडे फक्त शिव्या!

अनुवादिनी :
खरंय! 'जागल्या' कसा? शेत राखणारा, हाक देणारा. व्हिसलब्लोअरला हल्ली काहीजण वापरतात.

ऱ्हस्वदीर्घ :
पुल्लिंगी आहे. 'जागली' केलंत तर 'ती रात्रभर जागली' होईल. सरळ 'जिने सांगितलं ती मुलगी' लिहा.

कोकणचा पाहुणा :
उशिरा आलो. 'क्रायसिस ॲक्टर'ला काही सुचतंय का? कनेटिकट राज्यातल्या सँडी हुकच्या शाळेत २० मुलं आणि सहा मोठी माणसं गेली, तर ॲलेक्स जोन्स नावाचा रेडिओवाला वर्षानुवर्षं ओरडत राहिला की हे सगळं नाटक आहे, रडणारे आईबाप नट आहेत.

ऱ्हस्वदीर्घ :
'बनाव' हा आपला नेमका शब्द. 'सारा बनाव आहे असा कांगावा.' आईबापांना 'भाडोत्री रडणारे' म्हटलं, असं लिहा. २०२२मध्ये ज्यूरी आणि न्यायाधीश यांनी मिळून त्याला जवळपास दीड अब्ज डॉलर भरपाई लावली. त्यातले ९६ कोटी ५० लाख एकट्या कनेटिकटच्या ज्यूरीचे. तो दावा 'अब्रुनुकसानी'चा, 'मानहानी' हिंदी वळणाचं वाटतं.

अनुवादिनी :
शेवटचा प्रश्न. लेखाच्या तळटीपेत मिशिगनमधल्या ऑक्सफर्डचा उल्लेख आहे. ३० नोव्हेंबर २०२१, चार विद्यार्थी गेले. पंधरा वर्षांच्या हल्लेखोराच्या आईबापांना २०२४मध्ये 'इनव्हॉलंटरी मॅन्सलॉटर'साठी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. सगळीकडे 'सदोष मनुष्यवध' दिसतंय. घेऊ?

कृष्णाकाठ :
नको. आपल्या 'सदोष मनुष्यवधा'ला मारायचा हेतू तरी लागतो नाहीतर मृत्यू होईल याची जाणीव तरी. या आईबापांवरचा आरोप वेगळा होता. चार दिवस आधी बापाने पिस्तूल आणून दिलं. त्या दिवशी सकाळी शाळेने बोलावून गणिताच्या कागदावर पोराने काढलेलं बंदुकीचं चित्र दाखवलं. यांनी पिस्तुलाचं नाव काढलं नाही, पोराला घरीही नेलं नाही. आपल्या कायद्याच्या पुस्तकात याला 'हयगय' हा जुना, देखणा शब्द आहे. पण आपल्याकडे हयगयीने मृत्यू घडला तर साधारण पाच वर्षांपर्यंत शिक्षा, तिकडे पंधरापर्यंत. म्हणून 'घोर हयगयीने मनुष्यवध' लिहा. पुण्यात कल्याणीनगरच्या मोटारीनंतर पोराच्या बापाला अटक झाली तेव्हा हीच चर्चा आमच्या बाररूममध्ये तीन दिवस चालली होती. त्या पोराला जामिनासाठी लिहायला सांगितलेला निबंध ३०० शब्दांचा होता, चर्चा त्याहून बरीच मोठी.

आणि मुलगा अठराच्या आतला असेल तर आपल्याकडचे पोलीस 'विधिसंघर्षग्रस्त बालक' लिहितात. जीभ अडखळते, पण निदान शिक्का मारत नाही.

अनुवादिनी :
सगळ्यांचे आभार. सुरुवात आता अशी झालीय : "फेअर हेवनच्या शाळेवर हल्ल्याचा बेत तो एकटाच शिजवत होता. त्याने त्याची वाच्यता एका मुलीपाशी केली. तिने ती मोठ्यांच्या कानावर घातली."

ऱ्हस्वदीर्घ :
'त्याने त्याची' टोचतंय. 'बोलून बसला एका मुलीपाशी' करा. बाकी उत्तम.