मदत हवी: करारातलं कलम ८ काढलं, आता त्या आकड्याचं काय करू?

निपाणीत तंबाखूसाठी एक गोडाऊन तीन वर्षांच्या भाड्यानं घेतोय. करार कन्नडमध्ये, आणि मला नीट कळावा म्हणून वकिलांनी त्याची मराठी प्रतही दिलीय. एकूण २१ कलमं. कलम ८ भाडेवाढीचं होतं, दरवर्षी पाच टक्के. बोलणी होऊन ते काढायचं ठरलं, मालकही तयार झाले.

घोळ पुढंच झाला. मराठी प्रतीत टायपिस्टनं ८ उडवलं आणि कॉम्प्युटरनं आपोआप ९ चं ८ केलं. पण "कलम ११ प्रमाणे अनामत परत" हे वाक्य हातानं टाईप केलेलं, ते तसंच राहिलं. आता ११ बघावं तर तिथं लाईट बिल! कन्नड प्रतीत जुनेच आकडे. दोन्ही प्रती शेजारी ठेवून बोट लावत वाचताना रात्रीचे बारा वाजले.

मग मी म्हटलं, आकडा ८ राहू दे, पुढं "हे कलम मुद्दाम वगळले आहे" लिहा. तर मालक, सत्तरीचे काका, चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "मुद्दाम म्हंजे? काय लपवायलाय माझ्यापासनं?" त्या शब्दावर सही करायला तयार नाहीत.

"राखीव", "निरंक", "लागू नाही" यातलं काही चालेल का? की नुसती रेघ मारू? करार नोंदवायचाय, तिथं अडकायला नको.

प्रतिसाद १

आकडा हलवू नका हे बरोबर. पण जागा कोरी नको. नोंदणी कायदा १९०८, कलम २०: कोरी जागा किंवा खाडाखोड असेल आणि तिथं सह्या नसतील तर अधिकारी दस्त नाकारू शकतो.

"राखीव" म्हणजे पुढं कधीतरी भरायचं. मालकांना आयतं दार. "लागू नाही" म्हटलं की कलम आहे, इथं लागू नाही एवढंच. "निरंक" सरकारी तक्त्यात शोभतो. "उभयतांच्या संमतीने वगळले" लिहा, काकांचा संशय तिथंच मिटेल. "भाडेवाढ" हे शीर्षकही काढा.

काकांना संविधान दाखवा. १९५६ साली आपण म्हैसूर राज्यात गेलो, त्याच वेळच्या सातव्या घटनादुरुस्तीनं भाग ७ रद्द झाला. आकडा अजून तिथंच आहे, भाग ८ चा ७ कुणी केला नाही.

आणि एक. कलम वगळलं म्हणून "भाडं वाढणार नाही" असं कुठं लिहिलं जात नाही. ते भाड्याच्या कलमातच घाला: तीन वर्षं हेच भाडं.

धागाकर्ता

शेवटचं तर डोक्यातच आलं नव्हतं, नुसता आकड्याच्या मागं लागलो होतो. "उभय" कन्नडातही चालतो, म्हणजे दोन्ही प्रतींत एकच शब्द बसेल. सोमवारी काकांकडे जातो.