शब्दचर्चा: फेरी, फेरा, राउंड की लॅप?

सातरस्ता

जिल्हा पातळीवरच्या मैदानी स्पर्धांमध्ये मी माईकवर निवेदन करतो. लांब पल्ल्याच्या शर्यती सुरू झाल्या की एक शब्द मला नेहमी अडवतो, म्हणून हा धागा. शब्द आहे 'फेरी'.

आपण दोन निरनिराळ्या गोष्टींना फेरी म्हणतो. एक म्हणजे स्पर्धेचा टप्पा: प्राथमिक फेरी, उपांत्य फेरी, अंतिम फेरी. दुसरी म्हणजे ट्रॅकला मारलेली एक चक्कर: पाच हजार मीटरला साडेबारा फेऱ्या, दहा हजारला पंचवीस. शंभर-दोनशे मीटरच्या शर्यतीत हा गोंधळ होत नाही, कारण तिथे ट्रॅकला वेढा पूर्ण होतच नाही. लांब पल्ल्यात मात्र दोन्ही अर्थ शेजारी शेजारी येऊन बसतात. 'अंतिम फेरीत तो मागे पडला' असं छापून आलं, तर तो फायनलमध्ये मागे पडला की शेवटच्या चकरेची घंटा वाजल्यानंतरच्या चारशे मीटरमध्ये? वाचणाऱ्यानं काय समजायचं?

ललिता बाबरचंच बघा. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरसला लागून असलेल्या माण तालुक्यातल्या मोहीची ही मुलगी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, प्राथमिक फेरीत तिनं ९ मिनिटे १९.७६ सेकंद अशी वेळ देऊन राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरी गाठली. १९८४ मध्ये पी. टी. उषा पळाली होती, त्यानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर प्राथमिक फेरी पार करून वैयक्तिक अंतिम शर्यत गाठणारी भारतीय महिला ललिताच. तिथे ती दहावी आली. आता स्टीपलचेसमध्ये सुरुवातीचा एक तुकडा सोडला की पुढे सात पूर्ण चकरा असतात. मग रिओत ललिता किती फेऱ्या पळाली, दोन की चौदा? दोन्ही उत्तरं बरोबर येतात, आणि अडचण तीच आहे.

माझं म्हणणं असं की टप्प्याला 'फेरी' राहू द्यावी, ती रुळलेली आहे. ट्रॅकच्या चकरेला 'फेरा' म्हणावं. शेवटचा फेरा, साडेबारा फेरे, एका फेऱ्यानं मागे. एका मात्रेचा फरक आहे, पण माईकवर स्वच्छ ऐकू येतो. मंडळी काय म्हणतात?

कंबरतलाव

फेरा नको ओ. फेरा म्हटलं की जन्ममरणाचा फेरा, साडेसातीचा फेरा, कोर्टकचेरीच्या फेऱ्यात सापडलेला माणूस. मराठीत फेऱ्यात अडकतात, फेऱ्यातून सुटतात. हौसेनं कुणी फेरा घेत नाही. जिंकायला निघालेल्या पोरामागे तो शब्द कशाला लावायचा?

आणि मैदानावरचा शब्द आधीच ठरलेला आहे. पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी जिथे पळतात तिथे जाऊन उभे रहा. 'किती राउंड झाले बे?' 'चार झाले, सोळाशे.' राउंड मारतात, राउंड मोजतात. जे तोंडात आहे ते लिहावं.

सातरस्ता

कंबरतलाव, पोरांच्या तोंडचा शब्द मला प्रिय आहे, पण राउंडलाही हाच आजार आहे. 'लास्ट राउंड' म्हणजे शेवटची चक्कर, 'फायनल राउंड' म्हणजे अंतिम शर्यत, आणि गडबडीत दोन्ही एकमेकांच्या जागी येतात. 'लॅप'मध्ये हा दोष नाही, त्याला एकच अर्थ आहे. बातमीत कुणी लॅप लिहिलं तर मी हरकत घेणार नाही. माईकवर मात्र समोर आई-वडील, आजी-आजोबा बसलेले असतात. त्यांच्यापर्यंत अर्थ न थांबता पोचला पाहिजे.

राहिली अशुभाची शंका. फेऱ्यात 'सापडणं' आणि फेरा 'घालणं' यांत क्रियापदानं फरक पडतो. शेतकरी बांधावरून एक फेरा घालून येतो, त्यात त्याला कुणी साडेसाती लागलेला म्हणत नाही. धावपटूही फेरा घालतो, पूर्ण करतो, त्यात सापडत नाही.

साळीगल्ली

आमच्या घरात तेलुगू, पलीकडच्या घरात कन्नड, रस्त्यावर मराठी आणि दख्खनी, हे सोलापुरात काही नवीन नाही. तेलुगूत अशा चकरेला 'चुट्टु' म्हणतात, कन्नडात 'सुत्तु'. दोन्ही शब्दांत गुंडाळणं, वेढणं, भोवती फिरणं हा अर्थ आहे. तुमच्या 'फेरा'पेक्षा मला 'वेढा' जवळचा वाटतो तो यामुळे. पण वेढा म्हटलं की किल्ला आणि फौज आठवते हेही खरं. बोलायला 'चक्कर' सोपी, आणि ती आपल्या सगळ्या भाषांत चालते.

भीमाकाठ

'आवर्तन' असा शब्द एका ठिकाणी वाचला. कृपा करून तो नको. आमच्याकडे आवर्तन म्हणजे उजनीच्या कालव्याला सुटलेलं पाणी. 'पाळी'ही नको, ती कुळवाची.

क्रीडाशिक्षिका

चर्चा चांगली चालली आहे. शब्द ठरवताना वस्तू नेमकी काय आहे हेही बघू या, कारण चक्कर म्हणजे चारशे मीटर असं सगळेच धरून चालले आहेत.

प्रमाणित ट्रॅकवर ती चारशे मीटरची असते, पण मोजतात कुठून? पहिल्या लेनच्या आतल्या उंचवट्याच्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर धरलेल्या काल्पनिक रेषेवरून. दुसऱ्या लेनमधून पूर्ण चक्कर मारली तर साधारण सात मीटर जास्त पळावं लागतं. म्हणून लांब पल्ल्याचे धावपटू सुरुवातीच्या वक्ररेषेवरून सुटले की आतल्या कडेला गर्दी करतात, आणि वळणावर बाहेरून ओलांडायला अनुभवी धावपटू सहसा जात नाही. सरळ रस्ता येईपर्यंत तो दम राखतो.

स्टीपलचेसमध्ये तर चक्कर चारशेची नसतेच. पाण्याचा अडथळा ट्रॅकच्या आत असेल तर चक्कर आखूड होते, बाहेर असेल तर लांबते. त्या फरकाप्रमाणे सुरुवातीची रेषा पुढे-मागे सरकवतात. प्रत्येक पूर्ण चकरेत चार साधे अडथळे आणि एक पाण्याचा, अशा सात चकरा. म्हणजे अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाणी.

आणि आपल्या शाळांच्या मैदानांवर फक्की मारून आखलेला ट्रॅक बऱ्याचदा दोनशे मीटरचा असतो. तिथे पाच हजार म्हणजे पंचवीस चकरा. तेव्हा जो शब्द घ्याल तो अंतराचं माप म्हणून वापरू नका. 'तीन फेरे पळ' हे मुलांना सांगायला ठीक आहे. वेळेसोबत लिहिताना मीटरच लिहावेत.

सातरस्ता

ताई, हे फार मोलाचं सांगितलंत. वेळेचा विषय आलाच आहे तर दुसरी शंकाही मांडतो: 'विक्रम' की 'उच्चांक'?

आपल्या पेपरांत राष्ट्रीय विक्रमाला राष्ट्रीय उच्चांक म्हणण्याची सवय जुनी आहे. उंच उडीत, भालाफेकीत ते शोभतं, कारण आकडा वर जातो. पळण्यात आकडा खाली येतो. जोशुआ चेप्तेगेईनं ऑगस्ट २०२० मध्ये मोनॅकोत पाच हजार मीटरला १२ मिनिटे ३५.३६ सेकंद अशी वेळ दिली. त्याआधीची सर्वोत्तम वेळ केनेनिसा बेकेलेची, २००४ सालची, १२ मिनिटे ३७.३५ सेकंद. दोन सेकंद कमी झाले, तर चढलं काय? आणि सोलापूरकराला उच्चांक म्हटलं की पारा आठवतो. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे हा शब्द रोज छापून येतो.

एक अपवाद मात्र आहे आणि मला तो फार आवडतो. ट्रॅकवर एक तास पळण्याचीही शर्यत असते. तिथे वेळ ठरलेली, अंतर मोजायचं. मो फाराहनं सप्टेंबर २०२० मध्ये ब्रसेल्सला एका तासात २१,३३० मीटर अंतर कापलं. त्याला खुशाल उच्चांक म्हणा. बाकी ठिकाणी 'विक्रम' किंवा 'सर्वोत्तम वेळ' बरं.

भुईकोट

विक्रमाला क्रियापद कोणतं लावायचं हेही ठरवा. 'मोडीत काढला' मला खटकतं. मोड म्हणजे भंगार, जुनी भांडी. १९९२ मध्ये बहादूर प्रसादनं पाच हजार मीटरला १३ मिनिटे २९.७० सेकंदांची वेळ दिली, ती तीस वर्षं कुणाला गाठता आली नाही. २०२२ मध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याच्या अविनाश साबळेनं १३ मिनिटे २५.६५ सेकंदांत ती मागे टाकली. तीस वर्षं टिकलेली वस्तू मोडीत कशी निघेल? 'मागे टाकला' म्हणा. पळण्याच्या खेळात ते शब्दशः खरंही आहे.

कंबरतलाव

'मोडला' चालेल की. साधं, छोटं, सगळ्यांना कळणारं.

भुईकोट

'मोडला' चालेल. 'मोडीत काढला' नको.

क्रीडाशिक्षिका

मागे टाकण्याबद्दल एक जोड मुलांना मी फळ्यावर लिहून दाखवते, ती इथे देते.

एमिल झाटोपेक, १ जून १९५४, ब्रसेल्स, दहा हजार मीटर: २८ मिनिटे ५४.२ सेकंद.
बिआट्रिस चेबेट, २५ मे २०२४, युजीन, दहा हजार मीटर: २८ मिनिटे ५४.१४ सेकंद.

झाटोपेक त्या दिवशी २९ मिनिटांच्या आत येणारा जगातला पहिला माणूस ठरला. त्याच्या आधी दोन वर्षं हेलसिंकीत त्यानं पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं एकाच ऑलिंपिकमध्ये घेतली होती. आणि सत्तर वर्षांनी, तारखेत जेमतेम आठवड्याचा फरक, केनियाची एक मुलगी तीच वेळ देते आणि २९ च्या आत येणारी पहिली महिला ठरते. दोघांचीही दर चारशे मीटरची सरासरी ६९ सेकंदांच्या जरा वर पडते. आमच्या मुलींना मी एकच चक्कर ६९ सेकंदांत पळून बघायला सांगते. मग सांगते की अशा पंचवीस, मध्ये न थांबता.

आकडे नीट बघा. एकाची वेळ दशांशापर्यंत, दुसरीची शतांशापर्यंत. तेव्हा लांब शर्यतीची वेळ हातातल्या घड्याळानं घेत. म्हणून दोन आकड्यांची वजाबाकी करून 'सहा शतांशांनी चेबेट पुढे' असं लिहू नये. 'तीच वेळ' म्हणावं.

शतांशाला अर्थ असतो तो एकाच शर्यतीत. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेचं स्टीपलचेसचं सुवर्ण पाच शतांशांनी हुकलं: अब्राहम किबिवोट ८ मिनिटे ११.१५, साबळे ८ मिनिटे ११.२०. आणि १९९८ पासून या शर्यतीची सगळी पदकं केनियाचे धावपटू घेऊन जात होते, त्यांच्यात हा शिरला.

साळीगल्ली

ताईंनी लिहिलेलं वाचून अंगावर काटा आला. मुलीला दाखवलं.

एक विचारायचं होतं. 'दम' आणि 'दमसास' यांत काय फरक? आमच्याकडे 'दम धर' म्हणजे थांब.

क्रीडाशिक्षिका

आम्ही मैदानावर 'दम' म्हणतो तेव्हा श्वास आणि टिकाव दोन्ही असतं: दम वाढवायचा, दम राखायचा, दम लागला. 'दमसास' गाण्यातही चालतो, तिथे तो श्वासाच्या लांबीपुरता. पळण्यात नुसता श्वास लांब असून भागत नाही, पायांनीही शेवटपर्यंत साथ द्यावी लागते. म्हणून मी 'दम'च वापरते.

सातरस्ता

फेऱ्याच्या प्रश्नावर परत येतो, कारण मला स्पर्धेआधी निवेदनाचा कागद तयार करायचा आहे. ताई, मोजणी कशी बोलावी? 'बारावा फेरा' म्हटलं तर चालू असलेला बारावा, की अजून बारा बाकी?

क्रीडाशिक्षिका

पंचांकडच्या फलकावर उरलेला आकडा असतो. पाच हजारची सुरुवात समोरच्या बाजूनं होते, त्यामुळे पहिला धावपटू अर्धी चक्कर पळून समाप्तीच्या रेषेपाशी येतो तेव्हा फलकावर १२ दिसतो. दहा हजारला सुरुवात आणि शेवट एकाच रेषेवर. प्रेक्षक फलक बघत असतात, म्हणून माईकवरही उरलेलेच सांगावेत. 'बारावा' ऐवजी 'बारा उरले'. आणि जे एका चकरेनं मागे पडलेत त्यांचे आकडे वेगळे चालू असतात. घंटा वाजली म्हणजे सगळ्यांची शेवटची चक्कर असं जाहीर करून टाकू नका. मागचं पोर ते ऐकून एक चक्कर आधीच थांबतं.

कंबरतलाव

'बारा उरले' म्हटल्यावर पुढे फेरे, राउंड, चक्कर काहीच बोलायची गरज नाही, हे लक्षात आलं का? पण लेखात लागेल. लेखासाठी 'फेरा' मला आता चालेल. मैदानावर मी राउंडच म्हणणार.

सातरस्ता

मान्य. कागदावर असं घेतो:

'पाच हजार मीटर, मुले, अंतिम शर्यत.' इथे 'अंतिम फेरी' मुद्दाम टाळली आहे, म्हणजे माईकवर फेरी हा शब्द त्या दिवशी येणारच नाही.
'आघाडीच्या धावपटूचे बारा फेरे उरले.'
'आघाडीच्या धावपटूसाठी घंटा. त्याचा शेवटचा फेरा. बाकीच्यांनी आपापल्या पंचांकडे लक्ष द्यावं.'
'स्पर्धेचा विक्रम मागे टाकला,' आणि लगेच जुनी वेळ, जुन्या धावपटूच्या नावासकट.

शेवटच्या ओळीबद्दल मी आग्रही आहे. गुलवीर सिंगनं मार्च २०२५ मध्ये दहा हजार मीटर २७ मिनिटे ००.२२ सेकंदांत पूर्ण केले. २००८ ते २०२४ या काळात राष्ट्रीय विक्रम सुरेंद्र सिंगच्या २८ मिनिटे ०२.८९ सेकंदांचा होता, हे सोबत सांगितलं नाही तर मिनिटभराची ती झेप ऐकणाऱ्याला कळणार कशी? जिल्ह्याच्या पातळीवरही जुनी नावं वहीत असतात. ती माणसं कधी कधी तिथेच मैदानावर, पोरांच्या पिशव्या सांभाळत उभी असतात. त्यांची वेळ त्यांच्यासमोर वाचली गेली पाहिजे.

भुईकोट

पाण्याच्या अडथळ्याला काय म्हणणार?

सातरस्ता

'पाण्याचा अडथळा'. ताईंनी वर तेच लिहिलंय, आणि ऐकणाऱ्याला विचारावं लागत नाही.