सपाटीवरच्या सांगलीकराला साताऱ्याचा घाट झेपेल का?

हळदीचा_दिवाणजी, सांगली

नमस्कार मंडळी. वय ४६. मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे, म्हणजे दिवसभर गादीवर बसून पट्ट्या लिहायच्या. चार वर्षांपूर्वी शुगर काठावर आली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि चालता चालता कधी पळायला लागलो कळलं नाही. आधी आमराईत फेऱ्या, मग हरिपूर रस्ता. आता रविवारी पंधरा-सोळा किलोमीटर होतात. सपाटीवर एक हाफ मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटर, पळलोय, २ तास १४ मिनिटं.

तर झालंय असं, मेव्हण्याच्या नादानं सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवून बसलो. पैसे भरल्यावर नकाशा बघितला. पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, पोवई नाका, समर्थ मंदिर, बोगद्यापासून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यानं पुढं जायचं आणि आल्या वाटेनं परत. चढ बघून पोटात गोळा आला. आमच्याकडं चढ म्हणजे आयर्विन पूल! त्याच्यावर पण पावसाळ्यात कृष्णेचं पाणी बघायला आलेली गर्दी.

नऊ आठवडे हातात आहेत. मेव्हणा म्हणतो, "भावजी, सपाटीवरचा दम घाटात चालतो, काळजी करू नका." मेव्हण्याच्या बोलण्यावर मी आधी एक म्हैस घेतली होती, त्यामुळे इथं विचारतोय. डोंगर नसलेल्या माणसानं तयारी कशी करायची? पावसात बूट कसले घालायचे? आणि वर कासची फुलं दिसतात का, बायको विचारतेय.

राजपथावरचा

फुलं राहू द्या, पेढे घ्या. तेवढंच पदरात पडतं.

यवतेश्वरची_लेक

दादा, चढाचं तुम्हाला सगळेच सांगतील. मी उताराचं सांगते.

समर्थ मंदिराच्या खालच्या अंगाला माझं माहेर. श्रावणी सोमवारी यवतेश्वराला चालत जायचो, घाट पायाखालचा. त्यामुळे पहिल्या वर्षी डोक्यात हवा होती की आपल्याला इथं कोण काय शिकवणार. चढ नीट चढले. साडेदहा किलोमीटरला वळसा मारला आणि उतार लागल्यावर जी सुटले! समोरून चढणारी माणसं "ताई, जोरात!" म्हणतायत, अंगावर धुकं, घड्याळ साडेपाच मिनिटांचा किलोमीटर दाखवतंय. जन्मात तेवढं पळाले नव्हते. बोगद्यापाशी घाट संपला, गाव लागलं आणि मांड्या गेल्या. दुखल्या असं नाही, सांगितलेलं ऐकेनातच. पाय उचलायला जावं तर गुडघा आतल्या आत दुमडायचा. समर्थ मंदिरापासून चालत आले. मी शाळेत शिकवते. आमचीच पोरं टाळ्या वाजवायला रस्त्याच्या कडेला उभी होती. ती सगळी एका सुरात ओरडली, "बाई चालतायत!" मंगळवारी शाळेचा जिना कठडा धरून उलटा उतरले.

याचं कारण नंतर एका फिजिओथेरपिस्टनं समजावलं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी आपलं वजन पेलून ब्रेकही लावत असतो. त्या कामाची सवय नसेल तर आतून बारीक इजा होते. ती तेव्हा कळत नाही, एक-दोन दिवसांनी उठते. पण एकदा बेतानं उतारावर पळून ते दुखणं सोसलं, की पुढचे काही आठवडे तोच स्नायू तेवढं मनावर घेत नाही. म्हणून उतार आधी खायचा, थोडाथोडा. शर्यतीच्या शेवटच्या पंधरवड्यात मात्र तिकडं फिरकायचं नाही.

सांगलीत डोंगर नाही म्हणू नका. माझी नणंद मिरजेला दिलीय. मिरजेच्या पुढं दंडोबा आहे की! पंधरा दिवसांतून एका रविवारी तिथं जा. चढताना दम लागला की चाला, लाजायचं काही नाही, घाटात निम्मी माणसं चालतात आणि चांगली चालणारी वाईट पळणाऱ्याला मागं टाकतात. उतरताना टाच पुढं फेकून धाडधाड उतरायचं नाही. पावलं आखूड, भराभर, गुडघा किंचित वाकलेला, नजर आठ-दहा पावलं पुढं. आवाज ऐका. पाऊल फट्फट् वाजलं तर चुकतंय.

आता बूट. मला एका दुकानदारानं "मॅडम, वापरून सैल होतात" म्हणून नेमक्या मापाचे दिले. उतारावर पाय पुढं सरकतो, अंगठा प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकावर आपटतो. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली आणि नरकचतुर्दशीला उटणं लावताना उजवं नख हातातच आलं. तेव्हा पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि नाडी शेवटच्या भोकातून ओवून घोट्यापाशी आवळायची म्हणजे टाच मागं बसते. नखं दोन-तीन दिवस आधी कापा. आदल्या रात्री कापली की बोचतात.

पावसासाठी वेगळा बूट नसतो, पावसात पळायचा सराव असतो. सुती बनियन घालू नका, भिजलं की ते अंगावर किसणीसारखं चालतं. काखेत, जांघेत, छातीला व्हॅसलीन. बायकांना कुठं काचतं ते वहिनी कधी पळायला लागल्या तर त्यांना सांगेन.

फुलं विसरा. कासचं पठार तिथून बरंच पुढं आहे. धुकं असलं तर पुढच्याची पाठ दिसते तेवढीच.

माणदेशी_गडी

ताईंचं बरोबर आहे पण डोंगराचं एवढं अवडंबर नको. आमच्या माण तालुक्यात पाऊस नाही, सावली नाही, ट्रॅक तर नाहीच. त्याच मातीतली मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांवरून पळायच्या शर्यतीची, फायनल पळली, दहावी आली. पुलावर दहा वेळा चढ-उतार करा, स्टेडियमच्या पायऱ्या करा. काम होतं.

एक मात्र ऐका. प्रत्येक टेबलावर पाणी दिसतंय म्हणून ढोसू नका. गार हवेत घाम कमी जातो, नुसतं पाणी पोटात गेलं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि चक्कर येते. तहान लागेल तसं घोट घोट घ्या.

यवतेश्वरची_लेक

माणदेशी भाऊ, ललिता बाबर गादीवर बसून पट्ट्या लिहीत नव्हती. दादा, दंडोबाला जा.

सदाशिवपेठी_आजोबा

मी ६८. ही शर्यत २०१२ ला सुरू झाली तेव्हा गल्लीतले लोक विचारायचे, पैसे भरून पळायचं कशाला? २०१५ ला एका डोंगरावरच्या शर्यतीत सर्वांत जास्त माणसं पळाली म्हणून गिनेसमध्ये नोंद झाली आणि तेच लोक दुसऱ्या दिवशी पहाटे अजिंक्यताऱ्यावर बूट घालून हजर! मी आता पळत नाही, दारात उभा राहून गूळ-शेंगदाणे वाटतो.

तुमच्या मजकुरात एक शब्द सगळ्यांनी सोडून दिला, शुगर. वय ४६, शुगर काठावर, बैठं काम आणि वर घाट. आधी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी आणि स्ट्रेस टेस्टचं विचारा. छातीत दाब वाटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर पदक गेलं उडत, तिथंच थांबायचं आणि जवळच्या माणसाला सांगायचं. हे भीती घालायला लिहीत नाही. मी स्वतः एकदा यवतेश्वराच्या अलीकडं असाच दगडावर बसलो होतो.

हळदीचा_दिवाणजी, सांगली

परत आलोय. उशीर झाला, पण पट्ट्या थांबत नाहीत.

आजोबा, टेस्ट करून घेतली. डॉक्टरांनी पाय हलवायला हरकत नाही, जीभ आवरा म्हणून सांगितलं. दंडोबाला चार वेळा गेलो. पहिल्या खेपेनंतर सोमवारी गादीवरून उठताना "अगं आई गं" असं तोंडातून गेलं, शेठ म्हणाले, दिवाणजी, म्हातारे झालात. दुसऱ्या खेपेला निम्मंच दुखलं. चौथ्या वेळी काहीच नाही. ताई, तुमचा फिजिओथेरपिस्ट खरा निघाला.

शर्यतीच्या दिवशी समर्थ मंदिरापाशी पाऊस लागला, तो पार शेवटापर्यंत. घाटात मी ठरवून टाकलं, दोनशे पावलं पळायचं, पन्नास चालायचं. मेव्हणा पहिल्याच वळणावर "भावजी, चाला हळूहळू" म्हणून पुढं गेला. वर खरंच काही दिसलं नाही. एका ठिकाणी हलगी वाजत होती, ती आधी ऐकू आली आणि अगदी जवळ गेल्यावर वाजवणारा पोरगा दिसला, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. त्याच्यासमोर तरी चालायचं कसं? पळालो.

उतारावर माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी सुटलेली. मी आपला आखूड पावलं टाकत, घरातल्या ओल्या फरशीवरून चालल्यासारखा. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. एक सत्तरीचे काका पण पुढं गेले, त्यांना जाऊ दिलं. पण बोगद्याच्या पुढं चित्र पालटलं. मघाशी सुटलेले कमरेवर हात ठेवून चालत होते. समर्थ मंदिराच्या खाली एका दुकानाच्या शटरला टेकून मांड्या चोळत कोण उभा असावा? मी थांबलो नाही. हात केला फक्त. म्हशीचे पैसे वसूल.

२ तास ५२ मिनिटं.

मैदानात बसून बूट काढले आणि शेजारची पोरगी दचकली. मी यार्डात हेच बूट घालतो, त्यामुळे हळद आतपर्यंत मुरलेली. तीन तासांच्या पावसानं ती सगळी सुटली होती. मोजे पिवळे, पाय घोट्यापर्यंत पिवळे, बोटांच्या बेचक्यांत तर नवरदेवासारखी माखलेली. "काका, तुम्हाला कावीळ आहे का?" म्हणाली बिचारी. शेजारच्या तिघांना हसू आवरेना.

पेढे घेतले. एसटीच्या पायऱ्या चढताना मेव्हण्याला मागून ढकलावं लागलं. कऱ्हाड यायच्या आत त्यानं पाव किलो संपवले, मी नुसता वास घेतला.

बाकी नखं शाबूत आहेत, डाव्या करंगळीचं तेवढं काळं पडलंय आणि खाली पाणी धरल्यासारखं वाटतंय. ताई, ते तसंच सोडायचं का दिवाळीपर्यंत?

यवतेश्वरची_लेक

दिवाळीपर्यंत अजिबात नाही. मला शुगर नव्हती, तुमची काठावर आहे. सुई घालून पाणी काढू नका, मेव्हणा सांगेल तसलं काही. उद्या सकाळी दुकानात जायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. आणि पाय आधी धुऊन जा, नाहीतर तेही कावीळच म्हणतील.

पहिल्या वर्षी मला ३ तास ४ मिनिटं लागली होती. हे मी शाळेत कुणाला सांगितलेलं नाही.