अर्ध्या पैशात किराणा? आणि वेळ कुणाचा?

रात्रपाळी

‘हिशेबी’ यांची कालची पोस्ट बहुतेकांनी वाचली असेल. नसेल वाचली तर थोडक्यात सांगते. चौघांच्या घराचा किराणा निम्म्यावर आणता येतो, असा दावा आहे. कसा, तर महिन्याची यादी करायची, सगळं एकदाच आणि मोठ्या पाकिटांत भरायचं, चार दुकानांत भाव काढायचे, तयार काही आणायचं नाही आणि रोजचा खर्च वहीत टिपायचा. इथवर कुणाची हरकत असायचं कारण नाही. मला झोंबलं ते शेवटचं वाक्य: ‘ज्यांना हे जमत नाही त्यांना मुळात बचत करायचीच नसते.’

असं का हो?

महिन्याचं सगळं एकदम भरायला महिन्याचे पैसे एकदम हातात लागतात. ज्याचा पगार आठवड्याला होतो, किंवा कामावर गेलं तरच होतो, तो मोठं पोतं कशाच्या जोरावर उचलणार? हे माझं एकटीचं रडगाणं नाही. अमेरिकेत २०१९ साली टॉयलेट पेपरच्या खरेदीवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. टॉयलेट पेपरच का, तर तो नासत नाही आणि स्वस्त मिळाला म्हणून कुणी जास्त वापरत नाही. त्यात दिसलं असं की मोठे गठ्ठे घेणं आणि सवलत लागली की साठा करणं, दोन्ही कमी उत्पन्नाच्या घरांना कमी जमतं. महिन्याच्या सुरुवातीला हातात पैसे असले की तीच माणसं हे जास्त करतात. तेव्हा ‘करायचीच नसते’ हे बोलणं जरा आवरा.

दुसरं, वेळ. चार दुकानं फिरायचा वेळ यांच्या वहीत कुठल्या रकान्यात जातो? तयार काही आणायचं नाही म्हणजे निवडणं, भिजवणं, दळणं, वाटणं आणि मागाहून भांडी घासणं आलं. पोस्टमध्ये लिहिलंय, ‘आमच्याकडे सगळं घरीच होतं.’ करतं कोण, ते लिहायचं राहिलं वाटतं.

आणि गळती जिथे आहे तिचं तर नावच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा आकडा आहे: २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरांतून. घरातूनच माणशी वर्षाला ७९ किलो. मोठं पाकीट स्वस्त म्हणून आणायचं आणि तळातलं टाकून द्यायचं, ही बचत असेल तर नमस्कार.

हिशेबी

ताई, आधी पाणी प्या. मी कुणाच्या गरिबीवर बोललेलो नाही. इथे लिहिणाऱ्यांकडे फोन आहे, इंटरनेट आहे, मग यादी करायला काय धाड भरते? यादीला पैसे पडत नाहीत. उपाशीपोटी दुकानात जाऊ नका, यालाही पैसे पडत नाहीत.

७९ किलोचा आकडा फेकण्याआधी अहवाल नीट वाचा. त्यात सालं, बिया, हाडं असा न खाण्याजोगा भागही धरलाय. केळ्याची सालं खायला घालताय का घरच्यांना?

आणि हो, आमच्याकडे सगळं घरीच होतं, आणि बायकोला त्यात आनंद आहे.

रात्रपाळी

सालं वजा करा खुशाल, तरी डबाभर उरतंच. आणि बायकोचा आनंद तिच्या आयडीवरून वाचायला आवडेल.

मोजूनमापून

भांडण नंतर करा, मला ‘मोठं पाकीट म्हणजे स्वस्त’ यावर बोलायचंय. हे दर वेळी खरं नसतं. मी फळीसमोर उभा राहून मोबाइलवर भागाकार करणाऱ्यांपैकी आहे (घरचे तोवर ओळख दाखवत नाहीत). एकाच वस्तूचं मधलं पाकीट सर्वांत स्वस्त आणि ‘फॅमिली पॅक’ महाग, असं बरेचदा सापडतं. लोक मोठं पाकीट न तपासता उचलतात, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

म्हणून एककामागची किंमत, म्हणजे ग्रॅमला किंवा किलोला किती पडतं ते बघायचं. युरोपात ती दाखवण्याचा नियम १९९८ च्या निर्देशापासून आहे. भारतात डिसेंबर २०२२ पासून ती पाकिटावर छापावी लागते. पण त्यातही गंमत आहे. किलोच्या आतल्या पाकिटावर दर ग्रॅमचा भाव आणि किलोच्या वरच्यावर दर किलोचा. दोन्ही शेजारी ठेवून तुलना करायची तर हजाराने गुणा! ग्रॅमचा भाव दोन दशांशांपर्यंत गोल केलेला असतो, तो हजाराने गुणला की गोल करताना राहिलेला फरकही हजारपट. शेवटी छापील वजन आणि छापील किंमत घेऊन स्वतःच भागाकार करावा लागतो.

आणि भाव तोच ठेवून वजन हळूच उतरवणं हा वेगळाच ताप. फ्रान्सने १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना सक्ती केली आहे, माल कमी करून एककामागचा भाव वाढला असेल तर तिथे तशी पाटी लावायची. बाकीकडे आपणच जुनं पाकीट जपून ठेवावं आणि ताडून बघावं. मी ठेवतो. हसा.

बाकावरचे काका

हसलो. पण मुद्द्याचं बोललात.

माझं ऐका. सगळ्याचं मूळ ती चाकाची गाडी. हातात पिशवी होती तोवर हात दुखला की खरेदी थांबायची. १९३७ साली ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने ती ढकलगाडी आणली, तीही गिऱ्हाइकाने जास्त माल उचलावा म्हणूनच. आम्ही मुकाट तीत आख्खं घर भरतो. मी गाडी घेतच नाही. दोन पिशव्या, मावेल तेवढंच.

आणि तुम्हा नव्या पोरांचं ते तारखा बघणं! तारीख उलटली की फेक, तारीख उलटली की फेक. सून रोज काही ना काही टाकते. मी तारखा बघतच नाही. देवाने नाक कशाला दिलंय? आमचे वडील नव्वदी गाठून गेले, आयुष्यात एक तारीख वाचली नाही त्यांनी. अर्धा किराणा तिथेच वाचेल.

सूक्ष्मदर्शी

काका, मान ठेवून सांगते, पण हे वाचून कुणीतरी दवाखान्यात जाईल.

तारखा दोन प्रकारच्या असतात. ‘बेस्ट बिफोर’ दर्जाची. ती उलटली की चव, कुरकुरीतपणा, वास उतरतो. पाकीट बंद आणि कोरडं असेल तर बहुधा बिघडत काही नाही. ‘यूज बाय’ सुरक्षिततेची. ती उलटली की नाक उपयोगाचं नाही, कारण आजार आणणाऱ्या जंतूंना वास असलाच पाहिजे असं नाही. लिस्टेरिया नावाचा जंतू तर फ्रिजच्या गारव्यातही वाढतो. पाकिटावर लिहिलेल्या साठवणीच्या सूचना पाळल्या तरच ती तारीख खरी, आणि पाकीट फोडलं की तिचा भरवसा संपला. फोडल्यावर किती दिवसांत संपवायचं ते बारीक अक्षरात वेगळं लिहिलेलं असतं. ते कुणीच वाचत नाही.

बाकावरचे काका

म्हणजे मी म्हणतोय तेच. बरंचसं फेकलेलं चांगलं असतं.

सूक्ष्मदर्शी

नाही, तुम्ही ‘नाकाने बघतो’ म्हणताय. मी ‘कुठली तारीख आहे ते बघा’ म्हणतेय.

अर्ध्या भागात तुमचं बरोबर आहे, नाइलाजाने कबूल करते. युरोपियन कमिशनच्या २०१८ च्या अभ्यासात, तिथे वर्षाला वाया जाणाऱ्या ८.८ कोटी टनांपैकी १० टक्क्यांपर्यंत अन्नाचा संबंध तारखांशी असू शकतो असं म्हटलंय. ब्रिटनमधल्या काही मोठ्या दुकानसाखळ्यांनी २०२२ मध्ये कितीतरी ताज्या फळभाज्यांवरच्या ‘बेस्ट बिफोर’ तारखा काढूनच टाकल्या. पण भाजी वेगळी आणि बुरशी आलेलं धान्य किंवा दाणे वेगळे. तिथे ‘वरचं खरवडलं की झालं’ चालत नाही.

बाकावरचे काका

खरवडून खाऊनच मोठे झालो आम्ही. काही झालं नाही.

सूक्ष्मदर्शी

ज्यांना झालं ते इथे प्रतिसाद द्यायला नाहीत, काका.

१९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्कीची पिल्लं पटापट मेली. कारण सापडेना म्हणून ‘टर्की एक्स’ नाव पडलं. शेवटी धागा लागला तो खाद्यातल्या बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीशी. त्यातून अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष कळलं. ते नेहमीच्या शिजवण्याने पुरतं जात नाही, दीर्घकाळ पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. आज खाल्लं आणि उद्या काही झालं नाही, याने काहीच सिद्ध होत नाही.

बाकावरचे काका

आता कोंबड्यांवरून माणसांची अक्कल काढा. शिकलेल्यांचा हाच त्रास, साध्या गोष्टीत कॅन्सर आणतात.

सूक्ष्मदर्शी

टर्की. कोंबड्या नव्हेत.

चारचौघीतली

काकांची बाजू घ्यायची नाहीये, पण ‘फेक’ म्हणणाऱ्यांचा मलाही वैताग आहे. माझी जाऊबाई बंद डबा तारीख उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी टाकते आणि काल शिजवलेला भात मात्र रात्रभर ओट्यावर. मी बोलले तर ‘गरम करून घेऊ की’. माझ्या भावाला अशाच गरम करून खाल्लेल्या भाताने अख्खी रात्र उलट्या झाल्या होत्या. तेव्हापासून आमच्याकडे वेगळीच शिस्त.

सूक्ष्मदर्शी

भावाचं नेमकं कारण मी इथून सांगू शकत नाही, पण हे घडतं. शिजलेलं पिठूळ अन्न बाहेर राहिलं की बॅसिलस सेरियस नावाचा जंतू वाढतो आणि उलट्या करणारं त्याचं विष परत गरम केल्यानेही जात नाही. लवकर, उथळ भांड्यात गार करून फ्रिजमध्ये ठेवायचं. आत ठेवलेलंच दुसऱ्या दिवशी खाता येतं, आणि बचत तिथे आहे.

हिशेबी

किराण्याचा धागा होता ना हा? तिघा-चौघांनी मिळून प्रयोगशाळा केली. मूळ पोस्ट माझी, दगड मला, आणि चर्चा टर्कीची.

रात्रपाळी

तुमच्या पोस्टमध्ये अन्न खराब होतं याचा उल्लेख असता तर टर्की आलीच नसती. महिन्याचं एकदम भरा म्हणणाऱ्याने निदान टिकवायचं कसं ते सांगावं. पिठाचा डबा बघा कुणाचाही: नवं पाकीट जुन्यावर ओततात. वरचं ताजं वापरत राहतात आणि तळाशी मूठभर जुनं पीठ महिनोन् महिने बसतं. मग एक दिवस जाळी, पोरकिडे, आणि अख्खा डबा बाहेर. मोठ्या पाकिटाचा फायदा त्या डब्याबरोबर गेला.

हिशेबी

जुनं काढून वाटीत घ्यायचं, डबा पुसून कोरडा करायचा, नवं भरायचं, जुनं आधी संपवायचं. एवढं मी लिहायला हवं होतं का? लोक स्वतःहून करत नाहीत?

चारचौघीतली

नाही करत. डबा पुसणारं कुणीतरी लागतं. परत तिथेच आलो.

हिशेबी

बरं बाई, लिहितो. वाक्य असं करा: ‘ज्यांना जमतं आणि ज्यांच्याकडे डबा पुसणारं माणूस आहे, त्यांनी करावं.’ झालं समाधान? आता एक खरंच कामाचं. महिन्याचं सगळं एकदम भरायला पैसे नसतील तर एका महिन्यात एकच न नासणारी वस्तू मोठी घ्या. साबण, कपड्यांची पावडर, मीठ, असलं काही. त्यावर जे वाचेल त्यातून पुढच्या महिन्यात दुसरी. आम्ही सुरुवात अशीच केली होती.

मोजूनमापून

आधी भागाकार करून.

रात्रपाळी

हे काल लिहिलं असतंत तर मी धागाच काढला नसता. पण वेळेच्या रकान्यावर तुम्ही अजून गप्प आहात, हे मी पाहतेय.

नवा_भिडू

मी पहिल्यांदाच एकटा राहतोय आणि वरचं सगळं वाचून डोकं गरगरलं. या महिन्यात नेमकं काय करू?

रात्रपाळी

दुकानात जाऊ नकोस. आधी घरात जे आहे ते कागदावर लिही, फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यातलंसुद्धा. त्यातून जेवढी जेवणं निघतील तेवढी काढ. मग जे नाही तेवढंच लिही.

हिशेबी

आणि वही घे. पहिल्या महिन्यात कपात करू नकोस, फक्त टीप. पैसे कुठे जातात हे न बघता कापायला गेलास तर पहिली कात्री भाजीवर चालते आणि बिस्किटं तशीच राहतात. टाकलेलंही टीप, आमच्या टीकाकारांसाठी.

नवा_भिडू

आणि जे आहे ते संपवताना तारखा बघू की वास घेऊ?

बाकावरचे काका

वास.

सूक्ष्मदर्शी

आधी पाकिटावर दोन्हीपैकी कुठली तारीख आहे ते बघ. ‘यूज बाय’ उलटली असेल तर टाक. ‘बेस्ट बिफोर’ असेल आणि पाकीट बंद असेल तर उघडून बघ. जाळी, बुरशी, ओल नसेल तर वापर. फुगलेला डबा मात्र उघडूसुद्धा नकोस. आणि काकांना विचारू नकोस.